फोटो काढला की आठवण पुसते? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

आमच्या विभागात कोर्सवर्कच्या मुलांची दर शनिवारी पेपर-वाचनाची बैठक असते. एकानं पेपर मांडायचा, बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची आणि मग सगळ्यांनी खाली टपरीवर चहा प्यायचा. माझं कोर्सवर्क संपून चार वर्षं झाली, पण जमेल तेव्हा मी जाऊन मागच्या बाकावर बसते. गेल्या महिन्यात एका मुलानं लिंडा हेंकेल यांचा २०१४ चा पेपर मांडला. विषय असा, की फोटो काढल्यानं आठवणीवर काय परिणाम होतो. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘फोटो काढणं थांबवा, क्षण जगा.’ आणि समोर बसलेल्या अकरा जणांपैकी सहा-सात जणांनी मोबाईल वर करून त्या स्लाइडचा फोटो काढला.

हसणं झालं. चिरफाड मात्र झालीच नाही. निष्कर्ष सगळ्यांना इतका पटलेला होता, की पेपरनं तो सिद्ध केलाय का, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. लग्नात माळ घालायच्या वेळी सगळ्यांचे मोबाईल वर, आरतीत टाळ्या वाजवणारे हात स्क्रीन धरण्यात गुंतलेले, हे बघून आपण सगळेच वैतागलेलो असतो. त्यामुळे कुणी ‘हे संशोधनानं सिद्ध झालंय’ म्हटलं की मान आपोआप डोलते. पेटची तयारी करणाऱ्यांनी आणि नुकतंच रजिस्ट्रेशन झालेल्यांनी स्वतःच्या बाबतीत हे तपासून बघा. जो निष्कर्ष आपल्याला आधीपासून खरा वाटतो, त्याचा पेपर आपण पद्धतीच्या भागापाशी न थांबता थेट शेवटाकडे उडी मारून वाचतो. मीही वाचते. म्हणून हा पेपर आज सावकाश वाचू या. यात माझं एक खासगी कारणही आहे, त्याकडे शेवटी येते.

हेंकेल अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या फेअरफील्ड विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्याच कलासंग्रहालयात फिरायला नेलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या होत्या, काहींचा फोटो काढायचा होता. दुसऱ्या दिवशी परीक्षा: कुठल्या वस्तू बघितल्याचं आठवतं, आणि त्यांचे कुठले बारकावे आठवतात? ज्या वस्तूंचा अख्खा फोटो काढला होता त्या कमी आठवल्या आणि त्यांचे तपशीलही कमी आठवले. नुसत्या बघितलेल्या वस्तू जास्त लक्षात राहिल्या. स्लाइडवर होतं ते एवढंच.

पण याच पेपरात दुसरा प्रयोग आहे. त्यात काही वस्तूंच्या बाबतीत सांगितलं होतं, की अख्ख्या वस्तूचा फोटो काढू नका, झूम करून तिचा एक ठरावीक भाग टिपा. या वस्तूंच्या बाबतीत आठवण घसरली नाही. इतकंच नाही, जो भाग झूमच्या चौकटीबाहेर राहिला होता, तोही तितकाच चांगला लक्षात राहिला. आता बघा, कॅमेरा तोच, हात तोच, संग्रहालयही तेच. कॅमेऱ्यामुळेच आठवण पुसली जात असेल तर इथेही पुसली जायला हवी होती. बैठकीनंतर मी त्या मुलाला विचारलं, हा निकाल का नाही घेतलास? म्हणाला, ‘ताई, तो जरा गोंधळात टाकतो, म्हणून गाळला.’

प्रामाणिक उत्तर होतं, त्यामुळे मी काही बोलले नाही. पण गोंधळात टाकणारा निकाल हाच बहुतेक वेळा पेपरमधला सगळ्यात कामाचा भाग असतो. पहिला प्रयोग ‘काय होतं’ ते सांगतो. ‘कशामुळे होतं’ याचा धागा दुसऱ्याच्या हातात असतो. झूमच्या प्रयोगामुळे संशय उपकरणावरून उठून लक्षावर येतो. नुसतं बटण दाबायचं असेल तर लक्ष दिलं नाही तरी चालतं. पुतळ्याचा नेमका हातच टिपायचा असेल तर आधी पुतळा बघावा लागतो.

आता पद्धतीकडे. प्रयोगात भाग घेणारे थोडे होते, एकाच संस्थेतले पदवीचे विद्यार्थी होते, वगैरे टीका तुम्ही परीक्षेत लिहालच. ती खरी आहे, पण स्वस्त आहे. मानसशास्त्रातल्या निम्म्या पेपरांवर डोळे मिटून करता येते. मला दुसऱ्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे, कुठल्या वस्तूचा फोटो काढायचा हे बघणाऱ्यानं ठरवलेलं नव्हतं, त्याला ते सांगितलं गेलं होतं. प्रयोगाची रचना म्हणून हे अगदी बरोबर आहे. मोकळीक दिली असती तर लोकांनी आवडलेल्या वस्तूंचे फोटो काढले असते, आणि मग आठवण फोटोमुळे बदलली की आवडीमुळे, हे वेगळं काढता आलं नसतं. पण जगात फोटो असे काढले जात नाहीत. आपण थांबतो, काहीतरी डोळ्यांत भरतं, तेव्हा मोबाईल बाहेर निघतो. म्हणजे नियंत्रण मिळवण्यासाठी हेंकेल यांनी नेमकी तीच गोष्ट काढून टाकली, जी बाहेरच्या जगात फोटोला फोटो बनवते. यात त्यांची चूक नाही, प्रत्येक प्रयोगाला ही किंमत मोजावी लागते. किंमत किती मोजली, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवायचं असतं.

दुसरी गोष्ट अशी, की परीक्षेपूर्वी कुणालाही आपले फोटो पुन्हा बघायला मिळाले नाहीत. वही लिहून घ्यायची, ती कपाटात कुलूपबंद करायची आणि मग विचारायचं, वहीचा उपयोग काय झाला? अर्थात, आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलमधले हजारो फोटो पुन्हा कधीच उघडले जात नाहीत, त्यामुळे या बाबतीत प्रयोगशाळा वास्तवाच्या बरीच जवळ आहे असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

एक आठवण सांगते. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात राष्ट्रीय पातळीच्या चर्चासत्राला गेले होते. दीपप्रज्वलन झालं. पाहुणे खुर्चीवर बसले, आणि तेवढ्यात कळलं की फोटोत जिओ-टॅग आलेला नाही. अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ असल्याशिवाय मूल्यांकनाच्या फायलीत फोटो चालत नाही. पाहुण्यांना पुन्हा उठवलं, समई विझवली, पुन्हा लावली. दुसऱ्यांदा सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघत हसून लावली. त्या सत्रात बीजभाषण कशावर झालं ते मला आठवत नाही. समई दोनदा लागली हे चांगलं आठवतं.

ही गोष्ट गंमत म्हणून सांगत नाहीये. हेंकेल यांचा निष्कर्ष पर्यटकाला किंवा बाळाच्या पहिल्या पावलाचा फोटो काढणाऱ्या आईला सरळ लागू करता येत नाही, कारण ते आपल्या मर्जीनं फोटो काढतात. पण दुसऱ्यानं ठरवून दिलेल्या गोष्टीचा, स्वतःला नको असलेला, पुन्हा कधीही न बघायचा फोटो? तो आपल्या चर्चासत्रांत, एनएसएसच्या शिबिरांत, वृक्षारोपणात रोज निघतो. ज्या कारणासाठी हा प्रयोग कृत्रिम म्हणून आपण बाजूला ठेवत होतो, त्याच कारणासाठी तो आपल्या शैक्षणिक जगाला चपखल बसतो. बाह्य वैधता, बाह्य वैधता म्हणून आपण जे घोकतो ते हेच. निष्कर्ष ‘लागू पडतो की नाही’ असं विचारायचं नसतं, ‘कुणाला लागू पडतो’ असं विचारायचं असतं.

आता कारणाचा प्रश्न. हेंकेल यांच्या निकालाचा एक सोपा अर्थ असा लावला गेला, की मेंदू म्हणतो, कॅमेऱ्यानं ठेवलंय ना, मग मी कशाला ठेवू? फोन नंबर पाठ करणं आपण जसं सोडून दिलं तसंच. ऐकायला फार छान वाटतं. पण २०१८ मध्ये ज्युलिया सोअरेस आणि बेंजामिन स्टॉर्म यांनी हा अर्थ तपासला. त्यांनी काही जणांना स्नॅपचॅटवर फोटो काढायला लावले, जे आपोआप नाहीसे होतात. काहींना काढलेला फोटो लगेच स्वतःच्या हातानं पुसायला लावला. फोटो राहणार नाही हे पक्कं माहीत असताना मेंदूनं जबाबदारी कॅमेऱ्यावर टाकायचं कारणच उरत नाही. तरीही आठवण कमीच झाली. म्हणजे ‘ठेव म्हणून दिलं’ हे स्पष्टीकरण एकट्यानं पुरत नाही. फोटो काढण्याच्या कृतीत लक्ष दुसरीकडे जातं, ही शक्यता जास्त बळकट होते. एखादं स्पष्टीकरण ऐकायला गोड वाटलं की ते खोटं ठरायला काय घडावं लागेल, असा प्रयोग मनात रचून बघायची सवय लावून घ्या. या दोघांनी तेच केलं.

चित्र इथवर सरळ होतं. २०१७ मध्ये ॲलिक्सँड्रा बराश, क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर आला आणि ते तिरकं झालं. संग्रहालयच, पण इथे कानात ध्वनिमार्गदर्शक चालू, आणि फोटो कशाचे काढायचे ते ज्यानं त्यानं ठरवायचं. या लोकांना दिसलेल्या गोष्टी फोटो न काढणाऱ्यांपेक्षा जास्त आठवल्या, ज्यांचा फोटो काढला नव्हता त्यासुद्धा. पण ऐकलेलं कमी आठवलं. डोळ्यांनी कमावलं ते कानांनी गमावलं. आणखी गंमत म्हणजे काही जणांना कॅमेरा दिलाच नाही, नुसते मनातल्या मनात फोटो काढा म्हणून सांगितलं, तर त्यांच्यातही असाच परिणाम दिसला. आता कॅमेऱ्याला दोषी ठरवायचं तरी कसं?

हा पेपर वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. का, ते सांगतेच.

त्याआधी ‘क्षण जगा’ या शब्दांकडे वळू या, कारण खरी गफलत तिथे आहे. हेंकेल यांनी मोजलं ते दुसऱ्या दिवशी वस्तू किती आठवल्या ते. क्षण किती जगला हे त्यांनी मोजलेलं नाही आणि मोजल्याचा दावाही केलेला नाही. आठवण राहणं आणि तेव्हा आनंद मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या क्षणी पूर्ण तिथे असणं ही तिसरीच. कार्यात्मक व्याख्या नावाचा प्रश्न पेटमध्ये दोन मार्कांना येतो म्हणून आपण त्याची व्याख्या पाठ करतो. तो खरा उपयोगी पडतो तो असा, स्लाइडवरच्या घोषणेत आणि पेपरातल्या मोजमापात किती फूट अंतर आहे ते मोजायला.

आनंद मोजणारे लोकही आहेत. डील, झॉबरमन आणि बराश यांनी २०१६ मध्ये नऊ अभ्यासांचा एक मोठा पेपर छापला, दोन हजारांवर लोक होते. शहराच्या बसफेरीपासून जेवणापर्यंतचे अनुभव. फोटो काढणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी जास्त आनंद मिळाला, कारण ते त्या अनुभवात जास्त गुंतले. पण दोन अपवाद त्यांनी प्रामाणिकपणे मांडलेत. एक, माणूस आधीच हातानं काही करत असेल, उदाहरणार्थ काहीतरी हस्तकला, तर कॅमेऱ्यानं भर पडत नाही. दुसरा, अनुभवच वाईट असेल तर तो आणखी वाईट होतो. संगणकावरच्या एका आभासी सफारीत सिंह म्हशीवर तुटून पडताना बघणाऱ्यांपैकी फोटो काढणाऱ्यांना ते दृश्य जास्त नकोसं झालं. म्हणजे कॅमेरा अनुभवापासून लांब नेतो असं नाही, कधी कधी तो नको तितका जवळ नेतो.

उलट तामीर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या आवारातलं चर्च लोकांना दाखवलं तेव्हा कॅमेरा वापरणाऱ्यांची आठवण कमी भरली, आनंदात मात्र फरक दिसला नाही. दोन चांगले पेपर, दोन निकाल. घाईनं यांची सरासरी काढू नका. अनुभव वेगळा आहे, काम वेगळं आहे, मोजमाप वेगळं आहे. साहित्याचा आढावा लिहिताना आपण ‘काहींच्या मते असं, तर काहींच्या मते तसं’ असं वाक्य टाकून सुटका करून घेतो. माझ्या सिनॉप्सिसमध्ये अशी सात वाक्यं होती. मॅडमनी सातहीखाली लाल रेघ मारून समासात एकच शब्द लिहिला होता, ‘का?’

आणखी एक पेपर मला या सगळ्यांत सर्वांत जवळचा वाटतो. बराश, झॉबरमन आणि डील यांचाच, २०१८ चा. त्यांनी विचारलं, फोटो कुणासाठी काढताय? स्वतःकडे ठेवायला काढणारे आणि समाजमाध्यमावर टाकायला काढणारे यांची तुलना केली. लोकांना दाखवायचंय हे डोक्यात असलं की आनंद घटतो, कारण आपण कसे दिसू याची काळजी मध्ये शिरते. मोबाईल दोघांच्याही हातात होता. फरक होता तो खांद्यावरून डोकावणाऱ्या, हजर नसलेल्या माणसाचा. दुसऱ्यांदा समई लावताना पाहुण्यांच्या खांद्यावरून मूल्यांकन समिती डोकावत होती, तसाच.

‘क्षण जगा’वाल्यांच्या बाजूनंही एक भक्कम पुरावा आहे, तो लपवणं बरं नाही. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २२५० प्रौढांना दिवसभरात अवचित गाठून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामापासून भरकटलेलं होतं, आणि भरकटलेल्या मनाची माणसं कमी आनंदी होती. फक्त हे विचारलं कसं, तर आयफोनवरच्या ॲपमधून. म्हणजे माणूस क्षणात आहे का हे बघायला त्याचा फोन वाजवून त्याला क्षणातून बाहेर काढावं लागलं! याहून वेगळा मार्ग मलाही सुचत नाही. नोंद न ठेवता जगणं चांगलं असतं हे सांगायलाही कुणाला तरी नोंद ठेवावीच लागते.

आणि आपण तर नोंद ठेवणाऱ्यांच्याच धंद्यात शिरलोय. गुणात्मक संशोधन करणाऱ्यानं ‘क्षण जगा’ हा सल्ला शब्दशः पाळला तर प्रबंध लिहायला काही उरणारच नाही. हा पेच मोबाईलमुळे आलेला नाही. मालिनोव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला आणि १९२२ मध्ये त्यानं ‘अर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक’ लिहिलं. त्याच्या प्रस्तावनेत तो संशोधकांना सांगतो, की अधूनमधून कॅमेरा, वही, पेन्सिल बाजूला ठेवा आणि जे चाललंय त्यात स्वतः सामील व्हा. शंभर वर्षांपूर्वी! पण त्याच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, त्याची खासगी रोजनिशी छापली गेली, आणि वही बाजूला ठेवा म्हणणारा हा माणूस रात्री तंबूत बसून त्या लोकांवर किती चिडायचा, घरच्या आठवणीनं किती व्याकूळ व्हायचा, ते सगळ्यांना कळलं. रोजनिशी नसती तर आपल्याकडे फक्त सामील होणारा मालिनोव्स्की उरला असता.

आपल्याकडचं उदाहरण इरावतीबाई कर्व्यांचं. त्या पंढरीच्या वारीत एका दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. इंग्रजीत ते १९६२ मध्ये छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. त्यात भजनात रंगून जाणं आहे, चालण्याचा थकवा आहे, आणि एक बोचणारं निरीक्षणही. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठा वारकरी दिवसभर एकत्र चालायचे, एकत्र गायचे, पण जेवायला वेगळे बसायचे. हे त्यांना लागलं. त्या मराठा बायकांबरोबर जेवायला बसल्या, तेव्हा त्या बायका त्यांच्याशी जास्त मोकळ्या झाल्या. मला यात असं दिसतं, की नोंद आणि जगणं इथे एकमेकांच्या आड येत नाहीत. बाई नुसत्या रंगून गेल्या असत्या तर पंगती वेगळ्या आहेत हे खुपलं नसतं. आणि कडेला उभं राहून नुसतं नोंदवत बसल्या असत्या तर ताट घेऊन त्या पंगतीत जाऊन बसल्या नसत्या.

आता माझं.

माझा विषय आत्मचरित्रात्मक स्मृती. १९८२ च्या संपाच्या काळात मुंबईतल्या कापडगिरण्यांत कामाला असलेल्या लोकांना तो काळ कसा आठवतो, यावर मी मुलाखती घेते. त्यातल्या एका आजोबांकडे मी पावसाळ्यात गेले होते (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत). माझ्या पहिल्या काही मुलाखतींपैकी ती एक. आधीच्या मुलाखतीत रेकॉर्डर मध्येच बंद पडला होता, त्यामुळे माझा सगळा जीव त्या छोट्या लाल दिव्यात अडकलेला. मुलाखत पावणेदोन तास चालली. बाहेर पडताना वाटलं, उत्तम झाली. फाइल लॅपटॉपवर टाकली, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवली, निर्धास्त झाले. टंकन केलं ते दीड वर्षानं. तोवर आजोबा गेले होते.

रेकॉर्डिंगमध्ये साधारण पाऊण तासानं आजोबा संपाबद्दल बोलता बोलता थांबतात. मग म्हणतात, ‘एक गोष्ट हाय. घरात बी कुनाला सांगितली न्हाई. सांगू का?’ आणि माझा आवाज येतो, ‘हां हां. बरं आजोबा, आता संपानंतरचं सांगा ना.’

आपण असं म्हणालो हे मला आठवत नाही. त्यांनी विचारलं होतं हेही आठवत नाही. त्या वेळच्या वहीत तिथे लिहिलंय, ‘बॅटरी दोन काड्या’.

आता लक्षात आलं असेल, डोळ्यांनी कमावलं आणि कानांनी गमावलं हे सांगणारा पेपर वाचून मला बरं का वाटलं होतं. मला तयार सबब मिळाली होती. मी ती प्रबंधात वापरलीही होती, पद्धतीच्या मर्यादांमध्ये एक सुबक परिच्छेद लिहून, त्याखाली २०१७ चा संदर्भ देऊन. नंतर खोडला. तो प्रयोग फोटोंवरचा आहे, आणि रेकॉर्डर काही बघायला लावत नाही, उलट ऐकण्यासाठीच असतो. शिवाय तिथे संग्रहालयातला ध्वनिफितीतला आवाज होता. समोर बसून ‘सांगू का’ विचारणारा माणूस नव्हता. शनिवारच्या त्या मुलानं अडचणीचा निकाल गाळला. मी सोयीचा निकाल ओढून आणला. दोन्हींना एकच नाव आहे, ते व्हायवात कुणीतरी घेईलच.

आणि तरीही. रेकॉर्डर नसता तर? मी कदाचित त्यांच्या डोळ्यांत बघत बसले असते, ते थांबले तेव्हा मीही थांबले असते, त्यांनी सांगितलं असतं. किंवा प्रश्नावलीवर डोळे ठेवून पुढच्या प्रश्नाकडे तशीच गेले असते आणि आपण काही गमावलंय हे जन्मात कळलं नसतं. ‘उत्तम झाली’ असंच मानत राहिले असते. माझं लक्ष नव्हतं याचा एकमेव पुरावा त्याच यंत्राकडे आहे, ज्याच्याकडे माझं लक्ष होतं.

झांग आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा एक पेपर आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या साध्यासुध्या दिवसांतल्या गोष्टी लिहून ठेवल्या. नुकतंच झालेलं बोलणं, ऐकलेली गाणी, परीक्षेतला प्रश्न, असं काहीबाही. काही महिन्यांनी ते वाचण्यात आपल्याला किती रस वाटेल याचा त्यांनी आधी अंदाज केला होता, तो फार कमी निघाला. साधं काय होतं ते आधी कळत नाही. आजोबांच्या त्या प्रश्नाच्या आधीचा पाऊण तास मी कितीदा ऐकला, मोजलेलं नाही. भोंगा, खोलीतली माणसं, गावाकडून येणारं तांदळाचं पोतं. शोधत असते, की त्या गोष्टीची कुठे चाहूल लागते का. लागत नाही.

आता मी रेकॉर्डरची बॅटरी दाराबाहेर तपासते, आत गेल्यावर तो चालू करून रुमालाखाली ठेवते (परवानगी घेऊनच, लपवायला नव्हे, लाल दिवा मला दिसू नये एवढ्यासाठी). दोन रेकॉर्डर नेते, म्हणजे एकाची काळजी नको. मुलाखत संपली की जिन्यात किंवा बसस्टॉपवर बसून, रेकॉर्डिंग न ऐकता, आठवेल ते अर्धा तास लिहिते. आठवड्याच्या आत टंकन करते. मग लिहिलेलं आणि रेकॉर्डिंग शेजारी ठेवून बघते की मी काय ऐकलं नव्हतं. आतापर्यंत नऊ मुलाखतींचं असं झालंय. पहिल्या तिन्हींत माझ्याकडून सुटलेल्या जागा जवळजवळ सगळ्या अशा होत्या, की समोरच्यानं मला प्रश्न विचारला होता. उत्तरं मी बऱ्यापैकी ऐकत होते, प्रश्न नाही.

त्याचा एक तक्ता केलाय. मॅडम म्हणतात, परिशिष्टात टाक. मला तो तिसऱ्या प्रकरणात हवाय, पद्धतीच्या मधोमध. पुढच्या गुरुवारी पुन्हा भेटतोय, तेव्हा ठरेल.